आत घेतलेला श्वास

१

मुलाखत संपली की मी समोरच्या माणसाला एकच विनंती करते. "आता एक मिनिट गप्प बसायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही, मला चहा विचारायचा नाही." लोक हसतात आणि मग वर्गात उभं केल्यासारखे ताठ बसतात. मी रेकॉर्डर चालूच ठेवते. त्या मिनिटात खोलीची रिकामी शांतता टिपून घ्यायची असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. कुठे फ्रिजची घरघर असते, कुठे खालच्या रस्त्याची कुजबुज. मुलाखत कापून जोडताना मधे जी भोकं पडतात, ती त्याच खोलीच्या शांततेने बुजवावी लागतात. नाहीतर ऐकणाऱ्याला ठिगळ कळतं.

रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम मी एकवीस वर्षं करते आहे. अशी हजारेक मिनिटं माझ्याकडे साठली असतील. ती कुणी मुद्दाम ऐकत नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी 'कानावर पडलेलं' नावाची मालिका माझ्या गळ्यात पडली. वयस्कर वादकांनी आपल्याबद्दल सांगायचं. कुणाचं ऐकून शिकलात, कुणाकडून काय उचललंत, नवं सुचतं तेव्हा नेमकं काय होतं. यादीतले तिघे मीच सुचवले होते: क्लॅरिनेटवाले काका, चेलोवाल्या मावशी आणि पियानोवाले मास्तर. हे तिघं तीस वर्षं माझ्या आत्याबरोबर वाजवत होते. आत्या व्हायोलिन वाजवायची आणि त्या चौघांची म्होरकीही तीच होती. नऊ वर्षांपूर्वी सराव चालू असताना ती खुर्चीतच गेली. त्यानंतर तिघांनी एकत्र वाजवलं नाही. हळूहळू एकमेकांकडे जाणं-येणंही थांबलं. का ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही खोदून विचारलं नव्हतं. मला व्हायोलिन आत्यानेच शिकवलं होतं आणि बाविसाव्या वर्षी मी ते सोडलं होतं. त्यामुळे त्या विषयाच्या आसपास मी फारशी फिरकत नसे.

पहिले काका. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. जिना चढून मला धाप लागली तर म्हणाले, "बस. मला तर दार उघडायलाच धाप लागते." त्यांच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला होता, पण जीभ ठणठणीत होती.

"माझा पहिला गुरू म्हणजे एक भिंत," त्यांनी सांगितलं. "पलीकडे एक माणूस राहायचा. रोज संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवायचा आणि रोज एकाच सुरावर अडायचा. पुढचं मी इकडून तोंडाने पूर्ण करायचो. एक दिवस तो घर बदलून गेला. त्याचा तो अडलेला सूर माझ्याकडे राहिला. मी अजून तिथे जरासा थांबतो. लोकांना वाटतं, काय शैली आहे."

दीड तास बोलले. आत्याचं नाव एकदाही घेतलं नाही. मग मी माझी विनंती केली, हेडफोन नीट बसवले आणि डोळे मिटले. खालून मशीनच्या पट्ट्याची फडफड येत होती. चाळिसाव्या सेकंदाच्या सुमाराला कुणीतरी श्वास घेतला.

छोटा, तोंडाने घेतलेला, ठाम. मला वाटलं काकाच. पण माझा माईक दोन कानांचा आहे, आवाज कुठल्या बाजूचा ते सांगतो. काका माझ्या उजवीकडे बसले होते. श्वास डावीकडून आला होता, दाराजवळून. मी डोळे उघडले तेव्हा काका दाराकडेच बघत होते.

"झालं का मिनिट?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

२

आमच्याकडे जोडकाम करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. माणूस कमी बोलतो, ऐकतो फार. दुपारी त्याने मला खोलीत बोलावलं.

"हे तुझं मिनिट," तो म्हणाला. "मी याचा तुकडा घेऊन सहा ठिकाणी भोकं बुजवली. आता ऐक."

काका बोलत होते. भिंत, शेजारी, अडलेला सूर. आणि प्रत्येक जोडाच्या जागी कुणीतरी श्वास घेत होतं. जणू काकांचं बोलणं संपायची वाट बघत कुणी खोलीत उभं होतं आणि दर वेळी सुरुवात करणार तोच काका पुन्हा बोलायला लागत होते.

"माझाच असेल," मी म्हणाले.

"तू मिनिटभर श्वास रोखून धरतेस. एकवीस वर्षांत तुझा श्वास मला एकदाही सापडलेला नाही."

"मग काकांचा. त्यांचा दमा."

"त्यांचा मला पाठ झालाय. शिट्टी वाजते त्यांच्या छातीत. हा स्वच्छ आहे." त्याने पडद्यावरची रेघ मोठी केली. छोटीशी उंचवट्यासारखी खूण, मग सपाट. "मला खटकतंय ते वेगळंच. हा आत घेतलेला श्वास आहे. सोडलेला कुठे आहे? पुढचे वीस सेकंद मी तीनदा बघितले. माणूस श्वास घेतो तसा सोडतोही ना."

मी म्हटलं, हळूच सोडला असेल, माईकपर्यंत पोचला नसेल. त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही. मग त्याने तो श्वास कापला आणि बाजूला एका फाइलमध्ये ठेवला. टाकून दे म्हणाले तर म्हणाला, "असू दे. मी कुणाचा आवाज टाकत नाही."

घरी जाताना मी बसमध्ये लोकांचे श्वास ऐकत बसले. वैतागून शेवटी खिडकी उघडली.

३

चेलोवाल्या मावशी धाकट्या बहिणीबरोबर राहतात. बहीण सकाळी नोकरीला जाते, म्हणून अकराची वेळ ठरवली होती. स्वच्छ, उजेडाची खोली. कोपऱ्यात चेलो, त्याच्यावर चादर घातलेली. मावशींना आता कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत यंत्रं असतात.

"सुचणं वगैरे मला विचारू नकोस बाळ," त्या म्हणाल्या. "ते मास्तरांचं खातं. माझी आई शिवण करायची. पायाचं मशीन. ती पेडल मारायची तेव्हा खालून एक घुमणारा सूर यायचा आणि त्याच्यावर ती काहीबाही गुणगुणायची. मी मशीनखाली झोपायचे. पुढे चेलो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपलं घर. तेव्हापासून मी एवढंच केलं. दुसरे गातात, मी खालून आधार देते."

"आणि आधार द्यायला कुणी नसेल तर?"

त्यांनी चादरीकडे पाहिलं.

मिनिट सुरू करायच्या आधी त्यांनी कानांतली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. ती बारीक कुईकुई करतात, तुझ्या माईकला त्रास होईल, म्हणाल्या. मी डोळे मिटले नाहीत या वेळी. घड्याळ, लांबवर कुणाच्या तरी बादलीत पडणारं पाणी. छत्तीस, सदतीस, अडतीस.

श्वास आला. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. बरोबर मधोमध, आमच्या दोघींच्या मधल्या रिकाम्या गालिच्यावरून.

आणि माझ्या समोर मावशींचा उजवा हात उचलला गेला. बोटं गज धरल्यासारखी वळली, मनगट सैल झालं, कोपर बाहेर आलं. यंत्रं टेबलावर होती. त्यांना माझं ओरडणंसुद्धा नीट ऐकू आलं नसतं. हात क्षणभर हवेत तसाच राहिला आणि मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबला.

मी रेकॉर्डर बंद केला. त्यांनी यंत्रं कानांत घातली आणि मला निरखलं. माझ्या चेहऱ्यावर बहुतेक सगळं लिहिलेलं होतं.

"तुलाही आलं ऐकू," त्या म्हणाल्या.

"मावशी, हे काय आहे?"

"मला वाटत होतं, कान गेल्यावर असे भास होतात. डॉक्टरही तेच म्हणाले." त्या थांबल्या. "तुला कुणी सांगितलं का गं, तुझी आत्या कशी गेली ते?"

"सरावात. हृदय बंद पडलं."

"मास्तरांनी नवी रचना आणली होती. आम्ही बसलो. तुला माहीत आहे, आम्हाला ताल द्यायला कुणी नव्हतं. सुरुवात तिच्या श्वासावर व्हायची. ती गज उचलायची, श्वास घ्यायची आणि आम्ही सगळे एकदम यायचो. त्या दिवशी तिने गज उचलला. श्वास घेतला." मावशींनी हात पालथा केला. "तो सुटलाच नाही. आम्ही तिघंही तयार होतो, हात वर. आम्हाला वाटलं, थांबलीये. किती वेळ आम्ही तसेच बसलो होतो, कुणास ठाऊक."

बादलीत पडणारं पाणी कुणीतरी बंद केलं.

"नऊ वर्षं मी चेलोला हात लावला की तो श्वास येतो. म्हणून चादर घातली. भीती तिची नाही वाटत. पण मी गज लावला आणि पलीकडून कुणी वाजवायला लागलं तर? मी काय करायचं?"

"काकांना विचारलंत कधी? मास्तरांना?"

"वेड लागलंय म्हणतील," मावशी म्हणाल्या. "आणि ते तसं म्हणाले नाहीत, तर ते मला जास्त जड जाईल."

४

मास्तर पियानो सुरात लावायचं काम करतात. शहराच्या कडेला एक मोठी शेड आहे. तिथे दुरुस्तीला आलेले दहा-बारा पियानो पोटं उघडी टाकून उभे असतात. लाकडाचा भुसा, वंगणाचा वास. मास्तरांनी मला भेटायचं तीनदा टाळलं होतं. चौथ्यांदा मी थेट जाऊनच उभी राहिले.

"विचार," ते एका पियानोच्या आत डोकं घालून म्हणाले. "काम करता करता बोलेन."

ते हळू बोलत आणि मधेमधे एक तार वाजवत. "दोन तारा जवळजवळ सारख्या असल्या की त्यांच्यामध्ये एक थरथर येते. ऐक. व्वा, व्वा, व्वा. आली? मला सगळं जे सुचलं ते या थरथरीत सुचलं. दोन गोष्टी जुळता जुळता राहिल्या की मधे काहीतरी जिवंत असतं. पूर्वी मी ते लिहून काढायचो." त्यांनी किल्ली फिरवली. थरथर मंदावली आणि थांबली. "आता ती घालवण्याचं काम करतो."

"लिहिणं का सोडलंत?"

पुन्हा तार वाजली. मग मास्तर बाहेर आले, हात पुसले आणि स्टुलावर बसले.

"तिला त्या दिवशी बरं वाटत नव्हतं. म्हणाली, आज इथेच थांबू. मी म्हटलं, एकदाच, सुरुवातीपासून. रचना माझी होती ना. मला ती ऐकायची होती." त्यांनी रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. "हे ठेव आत. कापू नकोस."

सवयीने मी म्हणाले, आता एक मिनिट गप्प बसू. म्हणाले आणि लगेच पस्तावले, पण ते आधीच ताठ बसले होते.

त्या शेडमध्ये शांतता म्हणजे दोन-अडीच हजार ताणलेल्या तारांची शांतता. बाहेरून गाडी गेली की सगळ्या किंचित गुणगुणतात. मी सेकंद मोजत होते. वीस झाले. तीस. दारापासून खोलीच्या मध्यापर्यंत आलेली गोष्ट आता कुठे असेल, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं होतं आणि तोच करत होते. पस्तीस. मी हेडफोन काढले. यंत्रातली गडबड असेल तर आता ऐकू यायला नको, असं साधं गणित.

श्वास माझ्या डाव्या कानाला लागून आला. कानामागचे केस आत ओढले गेले. आणि त्याबरोबर शेडमधल्या सगळ्या पियानोंच्या तारा अगदी हलक्या, एकाच सुरात वाजल्या.

मी वळून पाहिलं नाही. मास्तरही माझ्या मागे पाहत नव्हते. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यांवर पियानोवर ठेवतात तशी पसरली होती. पहिल्या सुराच्या जागी, तयार.

५

रविवारी नवरा बाजारात गेला तेव्हा मी माझ्याच घरात एक मिनिट टिपलं. बैठकीच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग कपाटापुढे. कपाटात वरच्या खणात माझं व्हायोलिन आहे. ती तीन मिनिटं मी दुसऱ्या दिवशी कानसेनकडे जाऊन ऐकली. फ्रिज, शेजारची कोंबड्यांसारखी भांडणारी जुळी मुलं, पुन्हा फ्रिज. कुणीही नाही.

सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. मला मात्र रडू आलं. मी व्हायोलिन सोडते म्हणाले तेव्हा आत्या "बरं" एवढंच म्हणाली होती. तिने रागवावं म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली. रेडिओत लागल्यावर मी शहरातल्या झाडून सगळ्या वादकांचे आवाज टिपले. तिचा टिपायचा राहिला. आज करू, उद्या करू. आणि आता ती तिघांकडे येते, माझ्याकडे नाही.

कानसेनने मला पाण्याचा ग्लास दिला. मग तीन तुकडे एकापाठोपाठ एक लावले: काकांकडचा, मावशींकडचा, मास्तरांकडचा. तिन्ही श्वास एकाच लांबीचे होते.

"हा कुणाचा आहे ते तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"हो."

"त्यांना माहीत आहे?"

"प्रत्येकाला वाटतं, फक्त आपल्यालाच ऐकू येतो."

"मग ऐकव की एकदा तिघांना," कानसेन म्हणाला. "रेडिओ कशासाठी असतो?"

६

त्यांना स्टुडिओत एका वेळी आणणं सोपं नव्हतं. मी प्रत्येकाला खोटं सांगितलं की एकट्याचंच काम आहे. शनिवारी सकाळी तिघं एकाच दारात समोरासमोर आले. कित्येक वर्षांनी.

काकाच आधी बोलले. "मास्तर, किती वाळलास रे. पियानोच्या तारेवर वाळत घातलं होतं का कुणी?"

मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी काकांची पिशवी स्वतःकडे घेतली. मावशी मधल्या खुर्चीवर बसल्या. मी दार लावलं आणि तिन्ही मिनिटं पूर्ण ऐकवली.

शेवटचं संपल्यावर मी यंत्र बंद केलं. मग काका म्हणाले, "म्हणजे मी दोनदा औषधं बदलली ती उगाचच."

"तुलाही?" मावशींनी विचारलं.

"अगं, रोज. क्लॅरिनेटची पेटी उघडली की दारात. मी पेटी माळ्यावर टाकली तर जिन्यात."

मास्तर मान खाली घालून बसले होते. "ती मला सोडत नाही. बरोबरच आहे. मीच म्हटलं होतं, एकदाच."

"मास्तर," काका म्हणाले. ते धाप लागल्यामुळे थांबले, पण कुणी मधे बोललं नाही. "तीस वर्षं तिच्या शेजारी बसलो मी. तिला राग आला की ती व्हायोलिन पेटीत ठेवायची आणि निघून जायची. श्वास घ्यायची ती एकाच कामासाठी. आपण यावं म्हणून. आपण आलोच नाही. तिने श्वास घेतला आणि आपण तिघं हात वर करून बसलो, ते आजतागायत."

मावशींनी पदराने डोळे टिपले. मास्तरांनी खिशात हात घालून चारदा दुमडलेला कागद काढला आणि मला दिला. त्याच रचनेचा व्हायोलिनचा कागद होता. आत्याच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या, आणि पहिल्या सुराच्या आधी, कोऱ्या जागेत, तिने श्वासाची एक छोटी खूण काढली होती.

"मला का देताय?" मी विचारलं, पण मला उत्तर माहीत होतं.

"चौथं कोण आहे आमच्याकडे?" मावशी म्हणाल्या.

मी पंचवीस वर्षांत वाजवलेलं नाही म्हणाले. काका म्हणाले, मी पाच वर्षांत पूर्ण श्वास घेतलेला नाही, आपलं जमेल. मी तीन आठवडे मागून घेतले. रोज ऑफिसला निघायच्या आधी तासभर. बोटांची टोकं सोलली, मान आखडली, जुळ्यांच्या आईने प्रेमाने विचारलं की मांजर आजारी आहे का. सूर बेसूर येत होते. पण कागदावर जिथे जिथे आत्याची पेन्सिल होती, तिथे हात आपोआप हलका व्हायचा. शिकवलेलं सगळं कुठेतरी जागच्या जागी होतं.

७

संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. आत्या गेली तो हाच. आता तिथे जादा खुर्च्या रचून ठेवतात. मास्तरांनी आदल्या दिवशी येऊन तिथला मोठा काळा पियानो सुरात लावला होता. दुपारचे दोन. उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते आणि खाली कुणीतरी लहान वर्गाला सरगम घोकवत होतं. मग तीही थांबली.

मी रेकॉर्डर चालू करून खिडकीत ठेवला आणि आत्याच्या जागेवर बसले. खुर्ची दुसरी होती. जागा तीच. डावीकडे काका, उजवीकडे मावशी, समोर पियानो आणि त्याचं उघडलेलं काळं झाकण. झाकणात आम्ही सगळे उलटे, लांबट दिसत होतो.

तिघं तयार झाले आणि माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मला कळलं की या तीन आठवड्यांत मी सगळं घोकलं होतं, फक्त ही एक गोष्ट सोडून. श्वास मी घ्यायचा होता.

मी गज उचलला. एकवीस वर्षं शांतता टिपताना मी श्वास रोखून धरत आले होते आणि आताही तेच झालं. आत काही जाईना. काकांचे डोळे, मावशींचा वर उचललेला हात, मास्तरांची पसरलेली बोटं. सेकंद जात होते. मला वाटलं, तिलाही असंच झालं असेल. याच जागी, असंच. आणि आता मलाही.

मी मदतीसाठी मास्तरांकडे पाहायला गेले आणि नजर झाकणावर पडली. माझा गज झाकणात दिसत होता, तिरका, थरथरणारा. त्याच्या शेजारी आणखी एक गज होता. तो थरथरत नव्हता. त्याचं टोक सावकाश माझ्या टोकाच्या पातळीला आलं. धरणारा हात झाकणाच्या कडेबाहेर होता. फक्त मनगट दिसलं, सैल सोडलेलं.

मग माझ्या कानाजवळ श्वास घेतला गेला. या वेळी तो माझ्या छातीत भरला.

आम्ही आलो.

पहिला सूर चौघांचा एकत्र आला. स्वच्छ होता असं मी म्हणणार नाही. काकांचा फाटका होता, माझा पाव सुराने वर. पण तो आला, आणि त्याच्यामागे दुसरा, आणि मग मावशींचा खालचा घुमारा असा उठला की माझ्या खुर्चीचे पाय थरथरले. मी झाकणाकडे पुन्हा पाहिलं नाही. कागदाकडे पाहत राहिले. चौथ्या ओळीवर मी चुकले, सहाव्या ओळीवर काकांचा दम संपला. त्यांनी तिथे थांबून पुन्हा पकडलं. मास्तर वाजवता वाजवता ओठ हलवत होते. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं आपलंच गाणं माणूस पहिल्यांदा ऐकत होता. मधे एक जागा होती जिथे व्हायोलिनला एकटं वर जायचं होतं. तिथे मला हात अपुरा पडेल याची खात्री होती. पडला नाही. कसा ते मी सांगू शकत नाही.

अकरा मिनिटांनी संपलं. कुणी गज खाली घेतला नाही. शेवटचा सूर खुर्च्यांच्या ढिगात विरला आणि हॉलची शांतता परत आली. मी सवयीने मोजू लागले. दहा. वीस. मावशी शांतपणे रडत होत्या. तीस झाले तेव्हा माझ्या मनात आलं, गेली. पोचली. आता हे फक्त खोलीचं मिनिट आहे. पस्तीस. चाळीस. मास्तरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती नऊ वर्षं मी उतरताना पाहिली.

बेचाळिसाव्या सेकंदाला पुन्हा श्वास आला.

पहिल्यासारखा नाही. आखूड, घाईचा, जरा त्रासिक. दोन रचनांच्या मधे आम्ही पानं उलटत रेंगाळलो की आत्या असा श्वास घ्यायची. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून तो मला माहीत आहे. माझ्या हातावर काटा उभा राहिला आणि त्याच वेळी मला हसू फुटलं. मला ते आवरेना.

"आता काय हवंय तिला?" मावशींनी ओल्या आवाजात विचारलं.

"पुढचं," काका म्हणाले.

मास्तर पियानोवर दोन्ही हात टेकून बसले होते. "पुढचं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही. माझ्या खांद्याच्या किंचित वर, मागे, कुणाला तरी सांगितलं. थोडा वेळ ऐकल्यासारखे थांबले. मग त्यांनी पियानोवरचा आपला कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि काकांकडे पेन्सिल मागितली.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग कानसेनने पूर्ण ऐकलं आहे. मी अजून ऐकलेलं नाही. किती वाद्यं वाजतात असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, मालिकेत चालवायला पुरेशी आहेत. आम्ही आता दर गुरुवारी दुपारी बसतो. काका दोन ओळी वाजवतात आणि दोन ओळी विश्रांती घेतात. मास्तर त्यांच्यासाठी तसंच लिहायला लागले आहेत.

काल सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा त्यांचा फोन आला. मागे तारा वाजत होत्या.

"व्हायोलिनचा सगळ्यात वरचा सूर," ते म्हणाले, "तू किती वेळ धरू शकशील?"

"किती वेळ हवाय?"

"अजून कळत नाहीये," मास्तर म्हणाले. "तू धर. मी ऐकतो."

मी चप्पल काढली आणि घरात परत आले.